भाषा मंडळात कोणाची भाषा?

दरवर्षी १४ ते २८ जानेवारी या काळात शासनाच्या आदेशाने 'मराठी भाषा संवर्धन पंधरवडा' पार पडतो. त्यानंतर महिनाभरात, २७ फेब्रुवारीला, कवी कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी 'मराठी भाषा गौरव दिन' येतो. बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमधली भाषा मंडळे, वाङ्मय मंडळे या दिवसांत जागी होतात. ग्रंथदिंडी निघते, मुले फेटे बांधतात, मुली नऊवारी नेसतात, निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात, भित्तिपत्रकाचे उद्घाटन होते, प्रमुख पाहुणे मराठीच्या थोरवीवर बोलतात आणि आभारप्रदर्शनाने कार्यक्रम संपतो. मुलांनी भाषेत रमावे, वाचावे, लिहावे, चारचौघांत उभे राहून बोलावे, याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या तोंडाला कुलूप होते त्या समाजातली मुले माईकसमोर उभी राहतात तेव्हा सर्वाधिक आनंद आम्हालाच होतो.

परंतु या आनंदात एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ग्रंथदिंडी निघते त्या दिवशी हजेरीपटावरची सगळी मुले शाळेत असतात काय?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून देशभर ओळखला जातो. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या भागांतून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या थळांवर त्या पोहोचतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. टोळीबरोबर लेकरे जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण जाते. दहावीच्या वर्गातला मुलगा बापाला हात लागावा म्हणून मोळ्या वाहायला जातो. शासनाचा भाषा पंधरवडा आणि भाषेचा गौरव दिन हे दोन्ही नेमके या हंगामाच्या ऐन मध्यावर येतात. म्हणजे बीडमध्ये मराठीचा उत्सव साजरा होत असतो, तेव्हा मराठी बोलणारी कितीतरी लेकरे उसाच्या फडात असतात.

हे कोणी मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांनी दिनदर्शिका आखली त्यांच्या डोळ्यांसमोर ही लेकरे नव्हती, एवढे खरे. ऊसतोडीला जाणारी ही माणसे कोण आहेत? बहुतांश भूमिहीन आणि कोरडवाहू अल्पभूधारक. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत, वंजारी आहेत, मराठा आणि मुस्लिमही आहेत. मुकादमाची उचल जात पाहून कमी-जास्त छळत नाही. भाषा मंडळाचा विचार करताना हा सगळा कष्टकरी बहुजन समाज डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

लिहिण्याची सुरुवात कोठून झाली?

शाळेतल्या मुलांनी भाषेच्या माध्यमातून संस्कृतीचा शोध घ्यावा, ही कल्पना आज नव्या शैक्षणिक धोरणाची भाषा म्हणून सांगितली जाते. आपल्याकडे मात्र तिचा दाखला फार जुना आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. ती होती मुक्ता साळवे. मातंग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने विचारला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांच्या यातना तिने मांडल्या. कोणाचा फेटा नाही, कोणाची नऊवारी नाही, नुसती एक पाटी आणि एक प्रश्न. मराठी शाळेतला भाषेचा खरा उपक्रम आमच्या मते तेथून सुरू होतो. आपल्या घरातले दुःख शुद्ध, धीट मराठीत जगापुढे ठेवणे, हे ज्या मुलीला शाळेने शिकवले ती शाळा धन्य होय.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभवही ध्यानात घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले गेले नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. म्हणजे हायस्कूलच्या वर्गातच, कोणती भाषा कोणासाठी, याची भिंत त्यांच्यापुढे उभी केली गेली होती. त्यांनी ती भिंत ओलांडली. संस्कृत स्वतः शिकले, इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मधून मराठी गद्याला नवी धार दिली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. हे पालीचे काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या भाषाभ्यासकाची जयंती आपण साजरी करतो, पण भाषा मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचे नाव भाषेच्या संदर्भात क्वचितच घेतले जाते.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला नाव मिळाले ते 'मिलिंद'. भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे हे नाव. परिसराला नाव दिले उत्तर देणाऱ्याचे, नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचाही मान राखणारी ही संस्कृती आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे शिकली, लिहिती झाली. तेथल्याच वातावरणातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि दलित साहित्याला आपले व्यासपीठ मिळाले. एक पिढी लिहिती व्हायला एखादे वाङ्मय मंडळ, एखादे नियतकालिक आणि पाठीवर हात ठेवणारा एखादा प्राध्यापक पुरतो, हे आपण पाहिलेले आहे. मग हायस्कूलच्या भाषा मंडळाकडे आपण केवळ स्नेहसंमेलनाचे शेपूट म्हणून का पाहावे?

शुद्ध कोण, अशुद्ध कोण?

वर्गात एखादा मुलगा 'पानी' म्हणाला की हशा पिकतो. 'काय करायलास?' असे मित्राला विचारले की गुरुजी डोळे वटारतात. बीडची ही बोली. घरात, रानात, बाजारात ती चालते, शाळेच्या दारात आली की ती अशुद्ध ठरते. आणि हे घडते कोठे? ज्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मराठीचा आद्यकवी म्हणून मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते तेथे. त्यांचा 'विवेकसिंधु' ११८८ सालचा, असे परंपरा मानते. संस्कृतातले ज्ञान लोकांच्या बोलीत आणण्याचा तो प्रयत्न होता. त्यापुढच्या शतकात चक्रधर स्वामींच्या अनुयायांनी मराठीचाच आग्रह धरला. संस्कृतात लिहिले तर साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, ही नागदेवाचार्यांची त्यामागची काळजी होती.

ही काळजी आणखी जुनी आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे येतात. निरनिराळ्या कुळांतले, प्रदेशांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, अशी त्यांची तक्रार असते. ते छंदस भाषेत बांधण्याची परवानगी ते मागतात. तथागत ती नाकारतात आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत धम्म शिकावा, अशी अनुज्ञा देतात. अडीच हजार वर्षांपूर्वी बोली अशुद्ध असल्याची तक्रार आली होती आणि ती फेटाळली गेली होती. आज ३ ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मराठी अभिजात झाली. त्याच निर्णयाने पालीही अभिजात झाली. प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषाही त्यात आहेत. मराठीच्या अभिजातपणाचे फलक शाळाशाळांत लागले. त्या फलकावर पालीचे नाव किती शाळांनी लिहिले, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

भाषेचा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसतो, हे जगानेही पाहिले आहे. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत हजारो शाळकरी मुले रस्त्यावर उतरली, कारण गोऱ्या राजवटीने त्यांच्यावर शिक्षणासाठी आफ्रिकान्स भाषा लादली होती. त्यांच्यावर गोळ्या चालवल्या गेल्या. ती मुले हायस्कूलचीच होती. मराठवाड्यालाही हा अनुभव वेगळ्या रीतीने आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि बहुसंख्यांच्या घरची भाषा दुसरी. म्हणून उर्दूचा द्वेष करावा काय? मुळीच नाही. आपण मोर्चात ज्या 'हक्का'साठी घोषणा देतो तो शब्द अरबीतून आला. 'अर्ज', 'कायदा', 'जमीन', 'हजेरी' हेही बाहेरून आलेले. ते काढून टाकले तर तहसील कचेरीत आपल्याला तोंड उघडता येणार नाही. भाषा मंडळाने मुलांना हे सांगितले तर शुद्धतेचा अहंकार आणि परक्याचा द्वेष, दोन्ही आजार एकाच औषधाने बरे होतील.

मग करावे काय?

टीका करून थांबणे ही चळवळीची रीत नाही. बीडच्या हायस्कुलांनी बिनखर्चात करता येतील अशी काही कामे आम्ही सुचवतो.

पहिले काम वेळापत्रकाचे. शासनाचा पंधरवडा पाळावाच, पण मंडळाचा मुख्य उपक्रम १ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर या काळात घ्यावा. तेव्हा टोळ्या गावी असतात, लेकरे वर्गात असतात. १ ऑगस्ट हा साहित्यसम्राट अण्णा भाऊ साठे यांचा जन्मदिन. शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस मराठीचा थोर कादंबरीकार झाला आणि त्याने आपली 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. भाषा मंडळाच्या उद्घाटनाला याहून योग्य दिवस कोणता? १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी समारोप व्हावा.

दुसरे काम शब्दांचे. ऊसतोडीची स्वतःची एक मराठी आहे. फड, थळ, मोळी, वाढे, कोपी, टोळी, मुकादम, उचल, खाडा. हे शब्द मुलांनी गोळा करावेत, अर्थ लिहावेत. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. दोन जिवंत माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते, ही कोणती संस्कृती? आजारी पडून एक दिवस काम बुडाले तर त्याचा दंड म्हणजे 'खाडा'. त्या दंडाच्या भीतीने बाया दुखणी अंगावर काढतात. असा एकेक शब्द उलगडत गेला तर मुलांना अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यघटना, तिन्ही विषय एका वहीत सापडतील.

तिसरे काम आजीच्या ओवीचे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायिलेल्या ओव्या आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि बाबासाहेबांवरच्या आहेत. आज 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने त्या जगापुढे ठेवल्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या आमच्या आयाबायांनी जाते ओढता ओढता आंबेडकरी चळवळीचा इतिहास रचला, आणि त्याची दखल घ्यायला पुण्याहून माणसे यावी लागली. जाती आता बंद पडली, ती गाणाऱ्या आजीही थकल्या. प्रत्येक मुलाने सुट्टीत एका आजीची संमती घेऊन तिच्या ओव्या, भीमगीते लिहून घ्यावीत, गाव आणि तारीख टाकावी. आता तर घरोघरी मोबाइल आहे, आवाजही जपता येतो.

चौथे काम नावांचे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. आपल्या गावात काय झाले? कागदावर कोणते नाव आहे, लोकांच्या तोंडी कोणते आहे, एसटीच्या थांब्यावर कोणते आहे? मुलांनी याची यादी करावी. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे मराठवाडा पेटत राहिला, माणसे मेली, घरे जळाली. नाव म्हणजे काय असते, हे मराठवाड्याच्या मुलांना वेगळे शिकवायला नको.

पाचवे काम परिपाठाचे. रोज फळ्यावर एक शब्द चार भाषांत लिहावा. मराठीत 'आई', तांड्यावरच्या लेकराची 'याडी', मोहल्ल्यातल्या लेकराची 'अम्मी', पालीत 'माता'. वडार समाजाची बोली तेलुगूशी, कैकाडी समाजाची तमिळशी नाते सांगते. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आईचा शब्द महिन्यातून एकदा तरी फळ्यावर यावा. ज्याच्या आईचा शब्द फळ्यावर येतो, ते लेकरू शाळेला परके मानत नाही.

दोन धोके

एक आक्षेप आमच्याच समाजातून येईल. पोरांना बोली शिकवून काय उपयोग, त्यांना इंग्रजी शिकवा, अधिकारी करा, असे पालक म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. बाबासाहेब इंग्रजीच्या बळावर जगाशी बोलले. आमच्या मुलांना उत्तम प्रमाण मराठी आणि उत्तम इंग्रजी आलीच पाहिजे, यात तडजोड नाही. पण ज्या मुलाच्या पहिल्या वाक्यालाच हशा पिकला ते मूल दुसरे वाक्य कोणत्याच भाषेत बोलत नाही. बोलीचा सन्मान हा प्रमाण भाषेकडे आणि इंग्रजीकडे जाणारा जिना आहे. त्याच पायरीवर मुलांना बसवून ठेवणाऱ्या, बोलीचे कौतुक करून स्वतःची मुले मात्र शहरातल्या इंग्रजी शाळेत धाडणाऱ्या मंडळींपासून आपण सावध राहावे.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. भाषेच्या नावाखाली वर्गात कोणाची जात उघडी करू नये. 'तुमच्या जातीत काय म्हणतात?' हा प्रश्न शिक्षकाने चारचौघांत कधीही विचारू नये. मूल सांगेल तेवढेच घ्यावे, न सांगितले तर आग्रह नको. अनेक घरांनी जुने लाचारीचे शब्द धम्मदीक्षेबरोबर मागे टाकले, ते पुन्हा त्यांच्या दारात नेऊन ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुले ही संग्रहालयातल्या वस्तू नव्हेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क आहे. नववी-दहावीची मुले त्या कायद्याच्या छत्राबाहेर पडतात आणि नेमकी तीच फडावर कामाची ठरतात. हंगामी वसतिगृहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृहे ही या मुलांपर्यंत पोहोचतात की नाही, हे भाषा मंडळाच्या शिक्षकांनी आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनी दसऱ्यापूर्वी पाहिले पाहिजे. मूलच गावात नसेल तर त्याच्या भाषेचा गौरव कोणासाठी करायचा? कोयता हा शब्द मुलांच्या शब्दकोशात जरूर यावा. तो त्यांच्या हातात मात्र येऊ नये.

येत्या भीमजयंतीला गावोगावच्या मंडळांनी एवढे करावे. डीजेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढावा आणि आपल्या गावच्या हायस्कूलमधल्या मुलांनी जमवलेले शब्द, ओव्या, वस्त्यांची नावे यांचे एक हस्तलिखित तयार करून घ्यावे. एप्रिलमध्ये टोळ्या परतलेल्या असतात. ते हस्तलिखित बुद्धविहारात सर्वांसमोर वाचावे आणि नंतर शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. ज्या ज्या आजीची ओवी त्यात आहे, तिला पहिल्या रांगेत बसवावे.